मातीला दिलेलं डोरलं

१

सकाळी बायकोचा, मोनाचा, सडा टाकून झाला की हेमराज मशीन घेऊन अंगणात उतरायचा. लोक उठल्याबरोबर देवाला हात जोडतात, याचं पहिलं काम हे. कानाला हेडफोन, हातात दांडा, दांड्याच्या खालच्या टोकाला तांब्याची तार गुंडाळून केलेली ताटाएवढी चकती, आणि वर प्लास्टिकच्या डब्यात त्यानं स्वतः जोडलेलं सर्किट. चकती जमिनीवरून झाडूसारखी फिरवायची आणि ऐकत राहायचं. जमिनीत धातू असला की मशीन बोलायचं. लोखंड असलं तर घोगरं, नाणं असलं तर खणखणीत.

कारध्याला पुलाजवळ त्याचं मोटारी बांधायचं दुकान होतं. शेतातला पंप जळाला की माणूस हेमराजकडे यायचा. तांब्याच्या तारेवर त्याचा हात असा बसलेला, की भंडाऱ्याहून लोक नदी ओलांडून त्याच्याकडे मोटारी आणायचे. मग एकदा नागपूरचा भुपेंद्र नावाचा माणूस त्याच्याकडे परदेशी डिटेक्टर दुरुस्तीला घेऊन आला, आणि चांगल्या चाललेल्या माणसाच्या डोक्यात भुंगा शिरला.

भुपेंद्र अशी मशिनं विकायचा. कोणाला वैनगंगेच्या रेतीत सोन्याचे कण शोधायचे असतात, कोणाला जुन्या बाजारांच्या जागी नाणी. गिऱ्हाईक भरपूर, पण परदेशी मशीन आपल्याकडच्या लाल मुरमात नेलं की वेड्यासारखं कोकलतं. मुरमातच लोखंड भरलेलं, त्याला मशीन तरी काय करणार? हेमराज तेव्हा छाती काढून म्हणाला होता, "आपल्या मातीले समजून घेईन असं मशीन मी बनवतो भाऊ. पाहाच तुमी."

झालं. दुकानाला कुलूप लागायला लागलं, आणि मोना शेजाऱ्यांच्या धानाच्या रोवणीला जायला लागली. पण खोटं कशाला बोला, मशीन खरंच जमत आलं होतं. लोखंड ओळखायचं, नाणं ओळखायचं. अडलं ते नेमकं सोन्यावर. सोन्याचा बारीक दागिना आणि गुटख्याच्या पुडीचा चंदेरी कागद, मशीनला दोन्ही सारखेच. आणि आपल्या देशात जमिनीत सोनं किती आणि पुड्या किती, हे काय सांगायला पाहिजे? हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

"नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा," म्हातारी धुरपताबाई ओसरीवर तांदूळ निवडता निवडता म्हणायची. हेमराजची आई ती. तोंडाची फटकळ, पण खोटं बोलणारी नव्हे.

२

सोनं ओळखायला शिकवायचं, तर मशीनला खरं सोनं दाखवावं लागणार. तेही हातात धरून नाही. जमिनीत पुरलेलं, एक पावसाळा खाल्लेलं, माती ज्याच्या अंगाला चिकटलीय असं. घरात सोनं होतं ते मोनाच्या गळ्यात. काळ्या मण्यांत ओवलेलं डोरलं, तिच्या बापानं लाखनीच्या सोनाराकडून घडवून दिलेलं. नाकात एक फुली होती, तीही सोन्याचीच. पण फुलीचा जीव केवढा!

हेमराज मागे लागला. आज मागितलं, उद्या मागितलं, मग रुसून बसला, मग जेवण टाकलं. मोठ्या माणसांचे हे असले पोरखेळ बायकांनाच सोसावे लागतात. एक दिवस मोनानं डोरलं काढून त्याच्या हातावर ठेवलं.

"पावसाळ्यानंतर काढून देजा जी," ती म्हणाली. "माह्या बापाची आठवण आहे ते."

"अवो, आंगणातच तं आहे. कुठी पळून जाते का?"

तिनं गळ्यात हळकुंड दोऱ्यात बांधलं. डोरलं नसलं तर बाईनं तसंच करायचं असतं.

धुरपताबाईला कळलं तेव्हा हेमराज खड्डा बुजवत होता. म्हातारी तांदळाचं सूप तिथंच टाकून आली. त्यांच्या घरात डोरलं पुन्हा ओवायचं असलं, तरी खाली सूप धरायचे, मणी जमिनीवर पडू नये म्हणून. न्हाणीत काढलं तर खुंटीवर. बाई जिवंत असेस्तोवर तिचं डोरलं भुईला टेकवायचं नाही. ती गेली की त्यातला एक मणी तिच्या तोंडात जायचा आणि तिच्याबरोबर मातीत. त्यांच्याकडे माणूस पुरायचीच चाल होती.

"आपल्यात डोरलं मातीले एकदाच लागते, हेमराज," म्हातारी म्हणाली. "कवा लागते ते तुले मालूम आहे. काढ ते."

"बुढे, मातीले का समजते? डोरलं आहे का पुडी आहे, एवढंही तिले समजत नाही. म्हणून तं हा खटाटोप करून राहिलो."

"तुह्या मशीनले समजत नसन," धुरपताबाई म्हणाली. मग ती वळून पुन्हा तांदूळ निवडायला बसली.

३

पावसाळा गेला, धान कापून झालं, थंडी पडली. हेमराजनं पुन्हा अंगणात चकती फिरवली, आणि डोरल्याच्या जागेवर मशीन बोललं. बारीक, पण स्वच्छ. पुडीसारखं फाटकं नाही. त्यानं शेजारी पुरलेल्या पुडीवर चकती नेली, मशीन गप्प. पुन्हा डोरल्यावर आणली, मशीन बोललं. हेमराज अंगणात नाचायचाच बाकी राहिला. भुपेंद्रला फोन लागला. "या भाऊ, सोनं वेगळं पाडलं."

भुपेंद्र म्हणाला, येतो आठवड्यात. चाललं मशीन तर नाव तुमचं, बनवायचं तुम्हीच, विकायचं मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमराजनं उगाच, आनंदासाठी, पुन्हा मशीन फिरवलं. डोरल्याच्या जागेपासून वीतभर वर, अंगणातल्या आंब्याच्या बाजूला, आणखी एक बारीक आवाज आला. तिथं त्यानं काही पुरलं नव्हतं. त्यानं खणलं. मुरूम, मुरूम आणि खाली दगड. माती बाजूला काढून तिच्यावर चकती धरली, गप्प. रिकाम्या खड्ड्यावर धरली, आवाज.

तार ढिली असेल, त्याला वाटलं. त्यानं डबा उघडून सगळे जोड पुन्हा डागले. मग वाटलं, विजेचं रोहित्र जवळ आहे, त्याची लहर येत असेल. घरातली लाइट बंद केली. मोबाईल मोनाकडे देऊन तिला नदीकडे पाठवलं. आवाज तिथंच.

आणि मग खाली, नदीकडच्या बाजूला, आणखी दोन आवाज. शेजारी शेजारी. हे चांदीचे. चांदीचा आवाज वेगळा, तो चुकायचा नाही.

हेमराज शहाणा माणूस. त्यानं मनाला समजावलं, की जुनं घर आहे, कोणाचं काही पडलं असेल. मग खणल्यावर सापडत का नाही? खोल असेल. मग मशीन उथळ का दाखवतं? हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारलाच नाही. जिथं जिथं आवाज आला तिथं तिथं त्यानं तुरीची एकेक काडी रोवली.

मोना भांडी घासायला बाहेर आली. राखेचा हात तसाच ठेवून ती काड्यांकडे पाहत उभी राहिली.

"हे कोणाले निजवलं जी आंगणात?" ती हसून म्हणाली.

हेमराजनं वळून पाहिलं. वर एक काडी, फुलीची जागा. तिच्याखाली डोरलं. खूप खाली दोन काड्या, दोन पायांची जोडवी. मोनाएवढीच उंची. आंब्याकडे डोकं आणि नदीकडे पाय.

मोनाचं हसू अर्ध्यावरच राहिलं.

हेमराजनं काड्या उपटल्या आणि मोना आत गेल्यावर डोरल्याची जागा खणली. त्यानं स्वतःच्या हातानं विटेच्या तुकड्याची खूण करून पुरलं होतं. वीट सापडली. विटेखाली ओली माती होती, तिच्यात डोरल्याचा ठसा होता, दोन्ही वाट्या, मधला मणी, सगळं स्पष्ट. डोरलं नव्हतं. आणि मशीन त्या ठशावर अगदी सुरेख बोलत होतं.

त्यानं ठसा मोडला, खड्डा बुजवला आणि वर पाय देऊन दाबला. डोरलं गेलं, हे मोनाला सांगायचं कसं, एवढीच त्याला चिंता. त्याच्या जागी दुसरा माणूस भ्याला असता. हा नवऱ्यासारखा भ्याला.

४

दुपारी ओसरीवर त्यानं मोनाला समोर बसवलं. म्हणाला, मशीन तपासतो, पाय पुढे कर.

तिनं पाय पुढे केला. बोटात चांदीची जोडवी होती, लग्नापासूनची, घासून घासून पांढरी झालेली. हेमराजनं चकती त्यांच्याजवळ नेली. काही नाही. पायाला टेकवली. काही नाही. त्यानं चकती कोपऱ्यातल्या तव्यावर धरली, मशीन घोगरं ओरडलं. आत जाऊन आईच्या हातातल्या चांदीच्या पाटल्यांवर धरली, चांदी बोलली. पुन्हा मोनाच्या पायावर. मशीनच्या लेखी तिथं हवा होती.

"नाकाजवळ आणा," मोना हळूच म्हणाली.

त्यानं नाकाजवळ नेली. फुली उन्हात चमकत होती. मशीन चूप.

मोना घाबरून रडेल असं त्याला वाटलं. ती रडली नाही. पदरानं पाय झाकून घेतले आणि म्हणाली, "मले मालूमच होतं. किती दिवसांची सांगन सांगन म्हणून राहिली."

"का मालूम होतं?"

"निजली का पाठीखाली खाट नाही लागत जी. माती लागते. गार. सकाळी उठली तं दातात मुरूम कचकच करते. मामीले सांगितलं." सासूला ती मामी म्हणायची. "मामी म्हणे, त्याले सांग, तुहं डोरलं काढून दे म्हणा. बाकी काही करू नको."

"खोकला असन. थंडीचं होते तसं."

"खोकल्यानं दातात मुरूम येते?"

हेमराज चकतीची तार तपासायला लागला. आत धुरपताबाई चुलीपाशी होती, तिनं तिथूनच आवाज दिला, "माहाच पोरगा आहे, पण कसा गाढव निपजला पाहा. अरे, बाईचं डोरलं भुईले दिलं म्हणजे तू तिची जागा धरून ठेवली. भुई तं आपलं घेईनच. काढ न दे तिच्या गळ्यात."

काढू काय? विटेखाली काय आहे ते त्यालाच ठाऊक होतं. पण तसं तोंडानं कबूल केलं तर मग सगळंच कबूल करावं लागणार.

"भुपेंद्रभाऊ येऊन गेला का काढतो," तो म्हणाला. "दोन दिवसांत येऊनच राहिला तो. आता खणलं तं आंगणाची सारी जमीन बिघडते. एवढी वर्षं घातली मोना, दोन दिवसांसाठी का वाया घालवू?"

मोनानं त्याच्याकडे पाहिलं. तिला राग आला होता का? राग असता तर बरं झालं असतं. तिला त्याची कीव आली होती, आणि ते हेमराजला दिसलं, आणि म्हणून तो उठून दुकानात निघून गेला.

"मले आंगणात नोका ठेवू जी," मागून ती म्हणाली. "हात जोडते."

५

भुपेंद्र भर दुपारी आला. गाडी पुलाजवळ लावून, घाम पुसत, हसत. मोना दारात होती. "नमस्कार वहिनी," तो म्हणाला, "चहा टाका बरं, साखर कमी." मोनानं मान हलवली आणि आत गेली.

हेमराज म्हणाला, "चला भाऊ, नदीवर दाखवतो. रेतीत लय साफ चालते."

"रेतीत तर कोणतंही चालतं, हेमराजभाऊ. मुरमात दाखवा. त्याच्यासाठीच तर आलो. हेच अंगण द्या ना, चांगलं लालभडक आहे."

नाही म्हणायला कारण नव्हतं. हेमराजनं मशीन चालू केलं. भुपेंद्रनं आपल्या बोटातली सोन्याची अंगठी काढली, अंगणात मधोमध टाकली, वर पायानं माती लोटली. "शोधा."

हेमराजनं चकती खाली नेली आणि मशीननं हंबरडा फोडला. एका जागेवर नाही, मधल्या सगळ्या पट्ट्यात. आंब्यापासून नदीकडच्या कुंपणापर्यंत, माणसाच्या रुंदीचा. आता नुसती फुली आणि जोडवी नव्हती. सोनं नाही, चांदी नाही, लोखंड नाही, असला आवाज त्या मशीननं कधी काढला नव्हता. हेमराजनं त्याला तो शिकवलाच नव्हता. हेडफोनमध्ये ऐकताना त्याला वाटलं, की ह्यात मधेमधे श्वास आहे.

भुपेंद्रनं हेडफोन घेतला, ऐकला, तोंड वाकडं करून परत दिला. "हेही कोकलतंच की. मग परदेशी काय वाईट होतं?"

"थांबा भाऊ, थांबा. मातीले समजून घेतलं नाही त्यानं अजून."

मशीनवर त्यानं एक बटण बसवलं होतं. ते दाबून धरायचं आणि चकती एका जागी खाली-वर, खाली-वर करायची. मशीनला सांगायचं, बाबा, इथं खाली जे काही आहे ती सगळी माती. यापुढे हिच्याकडे लक्ष देऊ नको. हीच तर त्याची सगळी करामत होती, यासाठीच त्यानं वर्षं घातली होती. आणि तेच बटण दोनदा दाबलं, की शिकवलेलं सगळं पुसलं जायचं.

तो त्या पट्ट्याच्या मधोमध उभा राहिला आणि चकती खाली धरली.

"नोका जी!" दारातून मोना ओरडली. तिच्या हातात चहाचा ट्रे होता. "आयका ना! तिथं नोका शिकवू!"

"हेमराज!" आतून धुरपताबाईचा आवाज आला. "पोरीचं आयक!"

त्यानं दोघींचंही ऐकलं. बहिरा नव्हता तो. त्याला रोवणीनं सुजलेले मोनाचे हात आठवले, बंद दुकान आठवलं, गावातले हसणारे लोक आठवले, आणि हे सगळं तिच्यासाठीच तर करतोय, असं त्यानं मनाशी म्हटलं. माणूस असल्या वेळी असंच म्हणतो. मग बटण दाबलं. चकती खाली-वर, खाली-वर. आवाज बारीक होत गेला. आत कोणीतरी तोंडावर हात ठेवल्यासारखा दबला, आणि थांबला.

अंगण शांत झालं. हेमराजनं चकती फिरवली. मुरूम गप्प. पट्टा गप्प. आणि एका जागी, फक्त एकाच जागी, स्वच्छ बारीक आवाज. त्यानं वाकून बोटानं माती सारली. भुपेंद्रची अंगठी.

"वा रे पठ्ठे!" भुपेंद्रनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "हे पाहिजे होतं! जमिनीचा आवाज नाही अजिबात! ठरलं आपलं, हेमराजभाऊ, आजच ठरलं."

हेमराजला हसू आवरेना. मोना चहा घेऊन अंगणात आली होती. ती भुपेंद्रच्या पुढ्यात उभी राहिली आणि तिनं ट्रे पुढे केला. कपांतून वाफ येत होती. भुपेंद्र अंगठी बोटात घालत होता. त्यानं मान वर केली, मोनाच्या खांद्यावरून घराच्या दाराकडे पाहिलं, इकडे तिकडे पाहिलं.

"घरी वहिनी नाहीत वाटतं?" तो म्हणाला. "चहाची लहर आली होती. असो, पुलाजवळ पिऊ."

मोनानं ट्रे झटक्यानं आणखी पुढे रेटला. कप एकमेकांवर आपटले, चहा हिंदकळून तिच्या बोटांवर सांडला. भुपेंद्रला ते ऐकू आलं नाही.

ती हेमराजकडे वळली. "तुमाले तं दिसून राहिली ना मी?"

दिसत होती. सगळी दिसत होती. गळ्यातलं हळकुंड, नाकातली फुली, भाजलेली लाल बोटं. ओठांच्या कडेला मुरमाचा एक बारीक लाल कण.

"मंग पुसा ते," ती म्हणाली. "दोन डाव बटण दाबाचं आहे. दाबा ना जी. पाहुण्याले सांगा का मी इथं उभी आहो."

हेमराजचा अंगठा बटणावर होता. दाबलं की अंगण पुन्हा कोकलणार. भुपेंद्र पुन्हा तोंड वाकडं करणार आणि गाडीत बसून जाणार. आणि सांगायचं तरी काय? की ही समोर उभी आहे, तुम्हाला दिसत नाही? त्यानं वेड्यातच काढलं असतं. आज नको, हा गेला की लगेच पुसू. माणूस पुलापर्यंत जायचा अवकाश, लगेच.

"काय झालं?" भुपेंद्रनं विचारलं. "वहिनी कुठे गेल्या का?"

"हो," हेमराज म्हणाला. "बाहेर गेली."

मोनानं ऐकलं. तिनं खाली वाकून ट्रे मातीवर ठेवला, हळूच, एक थेंब न सांडता. पदर नीट केला. हेमराज दुसरीकडे पाहत होता, अगदी एवढासा वेळ. त्यानं मान वळवली तेव्हा ट्रे होता, वाफ होती. त्यानं बटण दाबलं. एकदा, दोनदा, मग कितीदा तरी. चकती जमिनीला टेकवली. मशीन गप्पच राहिलं, अगदी चांगल्या मशीनसारखं.

"अहो, बिघडवाल ते," भुपेंद्र म्हणाला.

धुरपताबाई हात पुसत दारात आली. तिनं अंगणातल्या चहाकडे पाहिलं, पाहुण्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"कोण बाहेर गेली रे, हेमराज?"

म्हातारी टोमणा मारत नव्हती. ती खरंच विचारत होती.